वाचकांचे प्रश्न : बर्फाळ डोंगरातील घराची लाकडी जमीन

चिराण, म्हणजे चिरलेले लाकूड, कसे वाळवावे याविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाकडे वळलेली दिसली. आपल्या भागातील मुले-मुली, पुतणे-भाचे नोकरीधंद्याच्या निमित्ताने हिमालयाच्या मुलखात गेले आहेत, तेथे घरे बांधत आहेत आणि त्या घरांच्या लाकडी जमिनीविषयी गावाकडच्या सुतारांना व वडीलधाऱ्यांना विचारत आहेत. म्हणून या अंकातील सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : महोदय, सादर नमस्कार. आमचे घराणे पिढीजात सुतारांचे असून सिंदेवाही तालुक्यात आमचा दारे-खिडक्या आणि फर्निचरचा लहानसा कारखाना आहे. माझा पुतण्या हॉटेलच्या नोकरीसाठी हिमाचलात गेला, तेथेच स्थिरावला आणि आता मनालीच्या वर सुमारे २,५०० मीटर उंचीवर पाहुण्यांसाठी सहा खोल्यांचे घर बांधतो आहे. खोल्यांची जमीन आपल्याकडील सागाचीच करायची, फळ्या आमच्याच कारखान्यात तयार करायच्या आणि बसवायलाही काकानेच यायचे, असा त्याचा आग्रह आहे. सागाच्या कामात माझा हात बसलेला आहे. परंतु लाकडी जमीन मी आजवर केलेली नाही आणि बर्फ तर पाहिलेलाही नाही. महिनोन्‌महिने बर्फात राहणाऱ्या घरात साग टिकेल काय? फळ्या किती रुंद घ्याव्यात, कशा बसवाव्यात? तिकडे देवदार वापरतात, तोच घेणे बरे काय? — एक वाचक, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : साग टिकेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची ख्याती मी तुम्हाला सांगायला नको. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहहून सागच गेला होता. मात्र तुमच्या पत्रात सगळी काळजी बर्फाची आहे, आणि बर्फ तर छपरावर व अंगणात असतो. खोलीतील फळीला त्रास होतो तो दोन गोष्टींचा : खोली उबदार ठेवण्यासाठी पेटवलेल्या बुखारीमुळे (धुराचा पाइप असलेल्या तिकडच्या शेगडीमुळे) कोरड्या पडलेल्या हवेचा आणि खालून येणाऱ्या ओलीचा. उंचीचा स्वतःचा असा फळीवर परिणाम होत नाही. हवेचा दाब कमी झाला म्हणून लाकूड आकसत किंवा फुगत नाही.

हवा कोरडी का पडते, हे आधी पाहू. उणे ५ अंश तापमानाची हवा पूर्ण दमट असली तरी तिच्यात पाण्याचा अंश फार थोडा मावतो. तीच हवा फटीफटींतून आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची पाणी सामावून घेण्याची ताकद कितीतरी वाढते, पाणी मात्र तेवढेच राहते, आणि सापेक्ष आर्द्रता १८ ते २० टक्क्यांपर्यंत खाली येते. माणसांचा श्वास, स्वयंपाक, ओले कपडे यांमुळे ती थोडी वर चढते. तरीही ऐन हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत ती २५-३० टक्के धरून चालावे. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी जी हवा असते, तीच तेथे जानेवारीत खोलीच्या आत असते. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारे आणि मे महिन्यात पाय ठेवायला फट देणारे दार तुम्ही आयुष्यभर रंधत आला आहात, त्यामुळे हे गणित तुमच्या हाताला ठाऊकच आहे. तेथे फक्त ऋतू उलटे होतात.

आता आकडे पाहू. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेत आपल्यातील पाण्याचा अंश ठरवते. साधारण २० अंश तापमानाला ३० टक्के आर्द्रतेत लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहते, ५० टक्क्यांना ९ टक्के, ६५ टक्क्यांना १२ टक्के आणि ८० टक्क्यांना १६ टक्के. सागाची फळी पाण्याच्या दर एक टक्का फरकाला किती हलेल, हे ती लाकडातून कशी चिरली आहे यावर ठरते. फळीचे टोक पाहावे. वलये फळीच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर, आडवी दिसत असतील तर रुंदीत सुमारे ०.१९ टक्के फरक पडतो. वलये पृष्ठाशी उभी असतील तर तो सुमारे ०.०८ टक्केच पडतो. म्हणजे लाकूड तेच, झाड तेच, पण उभ्या वलयांची फळी निम्म्याहूनही कमी हलते. आरामशीनवर चिराई करताना उभ्या वलयांच्या फळ्या कमी निघतात आणि लाकूड जास्त वाया जाते, म्हणून आपल्याकडे ती चिराई कोणी मागत नाही; परंतु या कामासाठी तुम्ही तीच मागावी, आणि दर वाढला तरी मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनालीच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये : तेथे पावसाळाही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील हवा दमट असते आणि बंद ठेवलेल्या खोलीतील फळी १४ टक्क्यांपर्यंत सहज जाऊ शकते. पुतण्याचे घर अटल बोगद्याच्या पलीकडे लाहौलमध्ये असते तर गोष्ट निराळी होती. तो मुलूख पर्जन्यछायेत आहे, तेथे वर्षभर हवा कोरडी असते आणि ६-७ टक्क्यांवर बसवलेली फळी शोभते. मनालीत मात्र वर्षातून एकदा ६ आणि एकदा १४ असा झोका आहे. म्हणून फळी बसवताना तिच्यातील पाणी मधोमध, म्हणजे ८ ते ९ टक्के, असावे. चार मीटर रुंदीच्या खोलीत ९ टक्क्यांवर बसवलेली जमीन १४ टक्क्यांवर गेली, तर आडव्या वलयांच्या फळ्यांची एकूण वाढ हिशेबाने ३८ मिलिमीटर होते आणि उभ्या वलयांच्या फळ्यांची १६ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही भिंतींना चार-चार सूत, म्हणजे अर्धा-अर्धा इंच, जागा सोडली तर २५ मिलिमीटर हाताशी येतात. उभ्या वलयांची जमीन त्यात सुखाने मावते. आडव्या वलयांची मावत नाही, ती भिंतीला भिडते आणि मग मधोमध उचलून तंबूसारखी उभी राहते. खिळे ही वाढ थोडीफार रोखतात, पण खिळ्यांच्या भरवशावर हिशेब मांडू नये.

फळीची रुंदी तीन ते साडेतीन इंच ठेवावी. सहा-आठ इंचांच्या रुंद फळ्या छायाचित्रात देखण्या दिसतात, परंतु खोली आकसते तेव्हा जितके सांधे कमी तितकी एकेक फट मोठी होते. तीन इंची फळ्यांत तीच आकसण अनेक सांध्यांत वाटली जाते आणि डोळ्यांना जाणवतही नाही. जाडी रंधून १९-२० मिलिमीटर राहावी. गाभ्याचेच लाकूड घ्यावे, कडेचे पांढरे लाकूड एकाही फळीत येऊ देऊ नये. दोन्ही बाजूंना नर-मादी खाच काढावी, म्हणजे एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला ती बसेल अशी खाच, आणि फळीच्या पोटाला लांबीच्या दिशेने दोन-तीन उथळ खाचा द्याव्यात, म्हणजे खालची जमीन किंचित उंचसखल असली तरी फळी नीट टेकते.

तुमच्याकडे एक सोय आहे, तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. मोठे कारखाने भट्टीत लाकूड वाळवतात. आपल्याकडे एप्रिल-मे हीच भट्टी आहे. हिवाळ्यात चिरून, पट्ट्या घालून, सावलीत हवेशीर रचलेले आणि टोकांना रंग किंवा मेण लावलेले एक इंची चिराण मेअखेरीस इतके वाळते की त्याहून अधिक वाळवण्याची गरज उरत नाही. पहिला पाऊस पडण्यापूर्वी रंधून, खाचा काढून, गठ्ठे जाड प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावेत. वन विभागाच्या आगारातील खरेदीची पावती, लाकडावरील हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना ही कागदपत्रे ट्रकबरोबर असलीच पाहिजेत. वाटेत तीन-चार राज्ये लागतात आणि एका कागदाअभावी माल पावसात उभा राहिला तर सगळी मेहनत वाया जाते.

माल पोहोचला की लगेच बसवायला घेऊ नये. आधी घराच्या खिडक्या-दारांना काचा लागलेल्या असाव्यात, गिलावा व काँक्रीट वाळलेले असावे आणि खोली रोज जशी तापवली जाणार तशी तापवलेली असावी. मग गठ्ठे सोडून फळ्या त्याच खोलीत पट्ट्यांवर रचाव्यात. किती दिवस, हा प्रश्न चुकीचा आहे. लाकडातील पाणी मोजण्याचे दोन टोच्यांचे मीटर घ्यावे आणि सलग काही दिवस आकडा हलेनासा झाला की काम सुरू करावे. मेमधील कोरड्या फळ्या तेथे थोडे पाणी पिऊन ८-९ वर येतील. फळ्या ज्यांवर ठोकायच्या त्या खालच्या लाकडी पट्ट्यांतील पाणी आणि फळीतील पाणी यांत दोन टक्क्यांहून अधिक फरक नसावा. कामासाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण पाऊस संपलेला असतो आणि कडाका सुरू व्हायचा असतो.

तळमजल्यावर काँक्रीट असेल तर त्यावर आधी जाड पॉलिथिन अंथरावे, त्याचे जोड सहा-आठ इंच एकमेकांवर घेऊन चिकटपट्टीने बंद करावेत आणि कडा भिंतीवर थोड्या वर चढवाव्यात. त्यावर औषध लावलेल्या लाकडी पट्ट्या बारा ते सोळा इंचांच्या अंतराने ठोकाव्यात आणि दोन पट्ट्यांमधील पोकळीत थर्मल फोमचे तक्ते भरावेत. हा खर्च टाळण्याचा मोह होतो, पण तो टाळू नये. खालचे काँक्रीट गार राहिले तर घरातील उबदार हवेतील बाष्प त्यावर धरते आणि फळीचे पोट ओले होते. शिवाय फोम नसल्यास पायाला ती जमीन थंडच लागते, मग लाकूड घालून उपयोग काय? फळी पट्टीवर आडवी टाकून जिभेच्या खांद्यात तिरका खिळा मारावा, म्हणजे पुढची फळी तो झाकून टाकते. शेजारच्या दोन ओळींतील टोकांचे जोड निदान सहा इंच मागेपुढे असावेत. भिंतीलगत सोडलेली जागा स्कर्टिंगने झाकावी, परंतु स्कर्टिंगचे खिळे भिंतीत जावेत, फळीत नव्हेत. फळीत गेले तर सोडलेल्या जागेचा अर्थच उरत नाही.

देवदाराविषयी विचारले आहे. कुलू-मनालीकडील जुनी काठकुणी घरे पाहावीत. दगडाचा एक थर आणि देवदाराचा एक थर अशा, चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेल्या भिंती भूकंपातही उभ्या राहिल्या आहेत. त्या घरांत गुरे खाली आणि माणसे वर राहतात, म्हणजे लाकडी जमीन मातीवर नसते, तिच्या खाली हवा खेळती असते. हे शहाणपण पुतण्यालाही उपयोगी आहे : लाकडी जमीन वरच्या मजल्यावरील निजण्याच्या खोल्यांत करावी. देवदार टिकाऊ आहे, सुगंधी आहे आणि स्थानिक आहे. परंतु तो सागापेक्षा मऊ असल्याने जड बुटांनी त्यावर खोच पडते. जेथे पाहुण्यांची सतत ये-जा आहे तेथे साग, आणि घरच्या माणसांच्या खोलीत देवदार, अशी विभागणी मला पटते. देवदार बसवायला मात्र तेथलाच मिस्त्री घ्यावा आणि त्याचे ऐकावे.

मुख्य दाराच्या आत निदान चार-पाच फूट लाकूड घालूच नये. बुटांच्या खाचांत दबलेला बर्फ आत आल्यावर पाच मिनिटांत वितळतो आणि त्याबरोबर आलेली रेती पॉलिशवर सँडपेपरासारखी फिरते. त्या जागी कांगड्याची स्लेट किंवा दुसरा खरखरीत दगड अर्धा इंच खाली बसवावा, बूट काढायला बाक ठेवावे आणि आत जायला कोरड्या चपला द्याव्यात. बुखारीखालीही दगडच हवा, आणि तिच्या तोंडासमोर तो निदान दीड-दोन फूट पुढे यावा, कारण दार उघडताच निखारा उडतो.

पॉलिशच्या बाबतीत तुमची सवय मेलामाइनची असणार. फर्निचरवर ते ठीक आहे; पायाखालच्या जमिनीवर ते ठिसूळ पडते आणि ओरखडा पांढरा दिसतो. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) जाड थर टणक असतो, पण तो फळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटवू शकतो, आणि मग आकसताना दहा फळ्या एकत्र खेचल्या जाऊन अकरावीपाशी एकच मोठी फट पडते. मी तुमच्या जागी असतो तर तेल आणि मेण एकत्र असलेले, लाकडात मुरणारे फिनिश निवडले असते. ते दर एक-दोन वर्षांनी लावावे लागते, परंतु खराब झालेला तुकडा तेवढाच घासून दुरुस्त करता येतो, आणि डोंगरात पॉलिशवाला बोलावणे सोपे नसते. सागात स्वतःचे तेल असते, म्हणून कोणतेही फिनिश किंवा गोंद लावण्याच्या थोडे आधी पृष्ठ थिनरने पुसून घ्यावे. खोली १५ अंशांहून गार असताना काम करू नये. उन्हाचाही विचार करावा : दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. दक्षिणेच्या खिडकीसमोर गालिचा वर्षभर एकाच जागी राहिला तर त्याखालचा चौकोन कायमचा निराळा दिसतो, म्हणून तो अधूनमधून सरकवत राहावा.

प्रश्न : माझा मुलगा आणि सूनबाई लेह येथे राहतात. गेल्या जुलैत त्यांच्या नव्या खोल्यांचे चार इंची काँक्रीट झाले आणि सप्टेंबरात त्यावर शिसवीच्या फळ्या गोंदाने बसवल्या. फेब्रुवारीत मी तेथे गेले तेव्हा बुखारीच्या बाजूला फळ्यांमध्ये रुपयाचे नाणे उभे शिरेल एवढ्या फटी होत्या. न्हाणीघराच्या भिंतीलगत मात्र फटी नव्हत्या, उलट प्रत्येक फळीच्या कडा वर आणि मध्य खाली, अशी जमीन बोटाला लहरी-लहरींची लागत होती. मिस्त्री म्हणतो की फटींत लांबी (पुट्टी) भरून सगळे मशीनने घासून सपाट करू. करू द्यावे काय? — एक वाचक भगिनी, तालुका वरुड, जिल्हा अमरावती

उत्तर : ताई, तूर्त दोन्ही करू देऊ नये. तुम्ही बोट फिरवून जे पाहिले ते फार मोलाचे आहे, कारण त्यावरूनच कळते की एकाच जमिनीत दोन वेगळे दोष आहेत.

बुखारीकडील फटी कोरड्या हवेच्या आहेत. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील थंड वाळवंट आहे, तेथे वर्षाकाठी पाऊस-बर्फ मिळून सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. अशा ठिकाणी १०-१२ टक्के पाणी असलेली मैदानातील फळी बसवली तर ती आकसणारच. फटी हिवाळ्यात सर्वांत रुंद असतात. त्यांत आता लांबी भरली तर उन्हाळ्यात फळ्या पसरताना ती लांबी चिरडून वर येईल किंवा फळ्यांच्या कडा दाबून टाकील. जुलै-ऑगस्टपर्यंत थांबावे, तेव्हा जी फट उरेल तेवढीच त्याच लाकडाच्या बारीक चिपा गोंदाने बसवून बुजवावी. तोवर खोलीत आर्द्रता दाखवणारे लहानसे घड्याळ टांगावे आणि बुखारीवर पाण्याचे पातेले ठेवून आकडा ३० ते ४० टक्क्यांमध्ये राखावा. त्याहून वर नेऊ नये, नाहीतर खिडक्यांच्या काचांवर आणि गार कोपऱ्यांत पाणी धरते. आर्द्रता टिकवण्यासाठी सगळ्या फटी बंद करून बुखारी पेटवणे तर मुळीच नको. तिचा धूर बाहेर नेणारा पाइप मोकळा असावा आणि बाहेरची हवा आत येण्याची वाट उघडी असावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

न्हाणीघराकडील फळ्यांची कथा उलटी आहे. कडा वर आणि मध्य खाली याचा अर्थ फळीचे पोट तिच्या पाठीपेक्षा ओले आहे. काँक्रीट चांगल्या हवेत महिन्याला साधारण एक इंच वाळते असा ढोबळ हिशेब आहे, गारठ्यात त्याहून सावकाश. चार इंची काँक्रीटला निदान चार महिने हवे होते, दोनच मिळाले. परंतु लहरी फक्त न्हाणीच्या भिंतीलगत आहेत, म्हणून माझा पहिला संशय पाण्याच्या नळावर आहे. लेहला रात्री नळात पाणी गोठते, पाइपाला केसाएवढी चीर जाते आणि दिवसा ती झिरपते. वर काहीच दिसत नाही. आधी नळजोडणी तपासून घ्यावी. ती निर्दोष निघाली तर कडेच्या दोन फळ्या काढून उघड्या काँक्रीटवर दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, निदान सोळा तास ठेवावा. सकाळी त्याच्या आत दवाचे थेंब किंवा खाली काँक्रीटचा काळसर डाग दिसला, तर ओल अजून वर येत आहे असे समजावे.

ओलीचे मूळ बंद झाल्यावर यांतील बहुतेक फळ्या काही महिन्यांत आपोआप सरळ होतील. आताच मशीनने घासल्या तर वर आलेल्या कडा कापल्या जातील, आणि पुढे फळी वाळून सरळ झाली की कडा खाली व मध्य वर, असा कायमचा फुगवटा राहील. तो मग लाकूड बदलल्याशिवाय जात नाही.

प्रश्न : दुकानदार इंजिनिअर्ड, लॅमिनेट आणि एसपीसी अशी तीन नावे सांगतो आणि तिन्ही लाकडासारखीच दिसतात. डोंगरातील घरासाठी यांतील खरे लाकूड कोणते? — एक वाचक, आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : इंजिनिअर्ड फळीत वरचा दोन ते सहा मिलिमीटरचा थर खऱ्या लाकडाचा असतो आणि खाली प्लायवुडसारखे उभे-आडवे थर असतात, ते एकमेकांना धरून ठेवत असल्याने ती अखंड फळीपेक्षा बरीच कमी हलते. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या तक्त्यावर लाकडाचे छापील चित्र, आणि एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी व प्लास्टिक. मोठी खोली, जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप किंवा हिवाळाभर बंद राहणारे घर असेल तर मी इंजिनिअर्डच सुचवीन, मात्र वरचा थर निदान चार मिलिमीटरचा घ्यावा, म्हणजे पुढे एक-दोनदा घासता येतो. खालून गरम होणाऱ्या जमिनीचे पृष्ठ २७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि तापमान रोज थोडे-थोडेच चढवावे. बंद घर उघडल्यावरही हेच करावे. गोठलेल्या घरात शिरून एका संध्याकाळी हीटर पूर्ण सोडणे फळीला मानवत नाही.

प्रश्न : आमचे चिखलदऱ्याला पाहुण्यांसाठी छोटे घर आहे. काश्मीरला पाहिलेल्या लाकडी खोल्या आम्हाला फार आवडल्या. आपलेही हिलस्टेशनच आहे, तर तशीच जमीन येथे करता येईल काय? — एक दांपत्य, तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती

उत्तर : करता येईल, पण काश्मीरची रीत जशीच्या तशी उचलून नव्हे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तेथे बर्फ नाही आणि खोल्या महिनोन्‌महिने तापवाव्या लागत नाहीत. तुमचा कसोटीचा काळ जून ते सप्टेंबर हा आहे, जेव्हा धुके खिडकीतून आत येते, चादरी वाळत नाहीत आणि लाकूड १६ टक्क्यांपर्यंत जाते. मग मे महिन्यात तेच लाकूड पुन्हा कोरडे ठणठणीत होते. तेथे फळी १० टक्क्यांच्या आसपास असताना, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, बसवावी आणि भिंतीलगत सढळ हाताने जागा सोडावी.

दुसरी गोष्ट वाळवीची. लेहच्या गारठ्यात तिची चिंता कोणी करत नाही. मेळघाटात ती पहिली चिंता आहे. पायात व जोत्यात वाळवीप्रतिबंधक औषध घातले नसेल, तर तळमजल्यावर लाकूड घालूच नये. तेथे शहाबादी किंवा कोटा फरशी राहू द्यावी आणि वरच्या मजल्यावरील एखादीच निजण्याची खोली सागाची करावी. व्हरांड्यात, जेथे पावसाची झड येते, तेथे लाकडाचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : मी गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकतो. लाकडातील पाणी मोजण्याचे मीटर आमच्याकडे नाही. त्याशिवाय टक्केवारी काढता येते काय? — एक विद्यार्थी वाचक, गडचिरोली

उत्तर : येते, आणि मीटरपेक्षा अचूक येते. फळीतून इंचभर लांबीचा आडवा काप काढावा, त्यावरील भुसा झटकावा आणि सोनाराकडे असतो तशा ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर लगेच वजन करावे. मग प्रयोगशाळेतील ओव्हनमध्ये १०३ अंशांवर तो तुकडा ठेवावा आणि दर काही तासांनी वजन करत राहावे. लागोपाठ दोन वजने सारखी आली की त्यातील पाणी गेले. पहिल्या वजनातून शेवटचे वजन वजा करावे, त्याला शेवटच्या वजनाने भागावे आणि शंभराने गुणावे. समजा तुकडा आधी ६२ ग्रॅम भरला आणि शेवटी ५६ ग्रॅम, तर गेलेले पाणी ६ ग्रॅम आणि टक्केवारी १०.७. हा तुकडा फळीच्या टोकाचा घेऊ नये, टोकापासून निदान फूटभर आतला घ्यावा, कारण टोके लवकर वाळतात आणि सगळी फळी वाळल्याचा भास देतात. कापलेला तुकडा लगेच तोलता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधून ठेवावा.